कबऱ्याचं आवतण

माझ्या मुलीचे होणारे सासरे पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी त्यांच्या कानामागे गोचीड शोधली.

मुद्दाम नाही हो. दिवाणावर आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. लग्न हॉलमध्ये करायचं की लॉनवर, यावर ते गंभीरपणे काही सांगत होते आणि मी मान डोलवत ऐकत होतो. ऐकता ऐकता माझा उजवा हात उठला, त्यांच्या कानाच्या पाळीमागे गेला आणि दोन बोटांनी तिथली कातडी चाचपू लागला. अमरावतीचा सभ्य माणूस. ते बोलायचे थांबले. मीही डोलायचा थांबलो, पण बोटं आणखी थोडा वेळ चालूच राहिली, कारण कान अर्धवट तपासून सोडायची त्यांना सवय नाही. शेवटी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "साफ आहे."

लग्न मोडलं नाही, ही त्या माणसाची थोरवी. माझी बायको रेखा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनं सगळं पाहिलं. पाहुणे गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "दुसरा कान कोण पाहीन, तुमचा बाप?"

तर माझा धंदा हा असा आहे. मी लोकांच्या मोठ्या कुत्र्यांना आंघोळ घालतो, केस विंचरतो, नखं कापतो, कान साफ करतो आणि जमलं तर त्यांना थोडं वळण लावतो. लहान कुत्री घेत नाही. त्यांच्यासाठी आता धरमपेठेत काचेच्या दारांची दुकानं झाली आहेत, तिथं आंघोळीनंतर रिबीन बांधून देतात. माझ्या वाट्याला येतात ती रिबीन बांधायला गेलं तर रिबीन खाणारी: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड. बुटीबोरीच्या एका कारखान्यातली सुपरवायझरी सोडून मी यात पडलो, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं नातेवाइकांत सांगितलं की दिलीप मेडिकल लाइनमध्ये गेला. खरं सांगायची त्याची छाती झाली नाही.

बाहेरच्याला वाटतं, कुत्र्याला आंघोळ घालण्यात काय एवढं? बादली, मग्गा, साबण. पण मोठं कुत्रं म्हणजे बाथरूममध्ये उभा असलेला एक ओला सोफा असतो, आणि त्या सोफ्याला बाहेर जायचं असतं. त्याच्या मर्जीशिवाय त्याचं एक नखही कापता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी आंघोळ घालतच नाही. नुसता जाऊन जमिनीवर बसतो, कुत्र्याकडे पाहत नाही, मालकाशी बोलतो. कुत्रं येतं, हुंगतं, निघून जातं, पुन्हा येतं. तिसऱ्या खेपेला ते अंगावर रेलून बसलं की समजायचं, नोकरी पक्की.

उन्हाळा लागला की फोन सुरू होतात: "दादा, याचे सगळे केस उडवून द्या, बिचाऱ्याला गरमी होऊन राहिली." त्यांना समजावून समजावून माझा घसा बसतो. दाट केसांच्या कुत्र्यांना वरचे केस वेगळे आणि आतली लव वेगळी असते. आतली लव विंचरून काढायची, वरचे केस ठेवायचे. खिडकीला वाळ्याचा पडदा लावतो ना आपण, तसे ते ऊन बाहेर अडवतात. पडदा काढून कोणी थंड होतं का? एवढं ऐकूनही खामल्यातले एक साहेब मशीन घेऊन बसलेच होते. त्यांच्याकडे सेंट बर्नार्ड. बर्फातलं कुत्रं, नागपूरचा मे महिना. शेवटी त्या घरात अशी व्यवस्था लागली की कूलरसमोर कुत्रं, कुत्र्याच्या मागे मॅडम आणि मॅडमच्या मागे साहेब. साहेबांपर्यंत वारा पोचायचा तो सेंट बर्नार्डचा वास घेऊन. कूलरमध्ये पाणी भरायचं काम मात्र साहेबांचंच.

दुसरे एक होते, रॉटवायलरला सावजीचा रस्सा चारणारे. "आमच्या घरी सगळे खातात, मंग यानं काहून नाही खावं?" त्या कुत्र्याचं पुढे काय काय झालं ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. साफ मी केलं, एवढं सांगतो.

या सगळ्यांत मी घरी येऊन ज्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, आणि रेखानं जी वरण ढवळता ढवळता पाठ न वळवता ऐकली, ती कबऱ्याची.

बेसा गावाच्या पुढे प्लॉट पाडलेल्या एका नव्या लेआउटमधून फोन आला होता. प्रशांत नावाचा तरुण, मिहानमध्ये नोकरी. म्हणाला, "सर, आमचा डेन वर्षाचा झाला, पण कोणाचं ऐकत नाही. ट्रेनिंग द्या." गेलो. डेन फाटकातच उभा होता. पांढऱ्या अंगावर शाई सांडल्यासारखे काळे ठिपके, उंची माझ्या कमरेच्या वर, चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा भाव. नाव ऑस्कर.

ओसरीत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा. प्रशांतचे वडील, बाबारावजी. नरखेड तालुक्यातले संत्र्यावाले. पत्नी वारल्यावर आणि गुडघे दुखायला लागल्यावर मुलानं बाग मक्त्यानं द्यायला लावून त्यांना नागपुरात आणलं होतं.

मी विचारलं, "बाबाजी, हा तुमचं ऐकतो का?"

"मी काहून ऐकवू? हे पोराचं हाय. मी जनावर नाही पाळत आता." मग थोडं थांबून आपणच म्हणाले, "ट्रॅक्टर आला तशी माही जोडी विकली, भाऊ. व्यापाऱ्यानं टेम्पोत चढवली. कबऱ्या बैल हंबरला, अन् मी पाठ करून उभा राह्यलो. पाह्यलंच नाही. जनावर पाळलं का शेवटी त्याच्याकडं पाठ कराची पाळी येते. आता पुन्हा नाही."

एवढ्यात फाटकापाशी कुठला तरी डिलिव्हरीवाला आला आणि ऑस्कर उसळला. प्रशांत ओरडला, "ऑस्कर, नो!" मी ओरडलो, "स्टे!" बाबारावजी खुर्चीतून न उठता म्हणाले, "कबऱ्या, हो हो हो." कुत्रं जागच्या जागी थांबलं.

मी म्हटलं, "तुम्ही तर जनावर पाळत नाही. मग कबऱ्या काहून म्हणता?"

"तोंडात बसलं हाय," ते म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

मी ट्रेनिंग सुरू केलं. पट्टा घेतला, खिशात चिकनचे तुकडे भरले, कुत्रं डाव्या पायाजवळ चालायला हवं हे प्रशांतला समजावलं आणि प्रात्यक्षिक दाखवायला निघालो. कोपऱ्यावर त्याला एक डुक्कर दिसलं. त्यानंतरचं प्रात्यक्षिक मी पोटावर केलं. लेआउटमध्ये तेव्हा गटारीचं काम चालू होतं, त्यामुळे पडायला जागा मऊ मिळाली. बाहेर निघालो तेव्हा बाबारावजी फाटकात उभे होते. म्हणाले, "भाऊ, त्याची आंघोळ राहू द्या आज. तुमची करा."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते त्याला फिरवून आणत होते. पट्ट्याचं टोक खांद्यावर टाकलेलं, मागे वळून पाहणं नाही, ओढणं नाही, तोंडानं काही नाही. शेतातून घरी येताना बैलांच्या पुढे माणूस चालतो, तशी चाल. आणि कबऱ्या मान खाली घालून त्यांच्या मागे. पुस्तकात हे सगळं चूक आहे. कुत्रं मागे ठेवून पाहायचं नाही म्हणजे काय? तो मागे काय खाईल, कोणाला चाटेल? पण ते दोघं असे चालले होते की मी रस्ता सोडून बाजूला झालो. त्या घरी मी ट्रेनिंगचा विषय पुन्हा काढला नाही. आंघोळीपुरता राहिलो.

भांडण होतं ते खाण्यावरून. डेन, मास्टिफ अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट आत लोंबत्या झोळीसारखं असतं. झोळी गच्च भरली आणि हिंदकळली की स्वतःभोवती पीळ खाते. दोन्ही तोंडं बंद. हवा कोंडते, पोट फुगतं, रक्त अडतं आणि संध्याकाळपर्यंत कुत्रं जातं. म्हणून थोडं थोडं चारायचं आणि जेवल्यावर पळू द्यायचं नाही. हे मी प्रत्येक घरी सांगतो. बाबारावजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं मोठं जनावर अन् चिमणीसारखं खाईन? तुमी शहरातले लोक कुत्र्याले बी डायेटिंग कराले लावता."

प्रशांतनं मात्र ऐकलं. सून माप घेऊन वाढायची. म्हातारबा तोंड वाकडं करायचे आणि आपल्या ताटातली अर्धी भाकर हळूच खाली सोडायचे. मी पाहिलं न पाहिलंसं करायचो. असं चार-पाच वर्षं बरं चाललं.

मग तो पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी कबऱ्याची आंघोळ ठरलेली असायची. त्या दिवशी संध्याकाळी मी शाम्पूनं घासून, पुसून, वाळवून त्याला असा पांढरा केला की ठिपके उठून दिसू लागले. हात धुऊन येतो तर बाबारावजींनी वाटीत तूप-हळद कोमट करून आणलेली आणि पळसाच्या पानानं, बैलांचे शेकतात तसे, त्याचे खांदे शेकणं चालू. पांढरं कुत्रं पिवळं.

"बाबाजी! आत्ता तर धुतला!"

"उद्या तान्हा पोळा हाय. बैलाचा पोळा आज, लेकराइचा उद्या. याले आपण लेकराइत धरू."

मग ते त्याच्या कानाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बैलाला पोळ्याच्या आदल्या दिवशी असं जेवणाचं आमंत्रण द्यायची आमच्याकडे रीत आहे. वर्षभर ज्याला हाकललं, त्याला एक दिवस अहो-जाहो करायचं. बैल विकल्यापासून बाबारावजींनी हे शब्द कोणाला म्हटले नव्हते. प्रशांत दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला.

मला त्या वेळी खरं म्हणजे बरं वाटत होतं, पण धंद्यानं गप्प बसू दिलं नाही. म्हटलं, "पुरणाची पोळी एकच हं बाबाजी, तीही लहान. अन् जेवल्यावर पळवू नका."

ते सरळ झाले. "भाऊ, पाव्हण्याले आवतण देऊन एक पोळी वाढू? तुमच्या घरी असं करते का वो कोणी?"

यावर काय म्हणायचं? तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर प्रशांतचा फोन. मागे पोरांचा गलका. "दादा, कबऱ्या ओकून राहिला, पण निघून काहीच नाही राहिलं. तोंडातून नुसती लाळ. पोट नगाऱ्यासारखं झालं."

मी मोटरसायकलची किल्ली उचलली. "काय खाल्लं?"

पोळ्या. किती ते कोणी मोजलं नव्हतं, पाहुणा नको म्हणेपर्यंत वाढल्या होत्या आणि त्यानं नको म्हटलंच नव्हतं. वरून दूध. मग जुन्या पडद्याची झूल, गळ्यात घुंगरमाळ, मागे नातवाचा लाकडी बैल दोरीनं बांधलेला, आणि लेआउटच्या मैदानात सगळी पोरं मागे धावताहेत अशी मिरवणूक. कबऱ्या खूश होऊन पोरांबरोबर धावला होता.

"आता बाबा तेल पाजून राहिले," प्रशांत म्हणाला. "बैलाचं पोट फुगलं का गावी तेच करत."

"त्यांना थांबव! तोंडात काही घालू नको! गाडीत टाक, दवाखान्यात आण, मी तिथं पोचतो!" मी इतका ओरडलो की शेजारचे बाहेर आले.

त्यांनी त्याला झुलीवरच उचलून गाडीत घातलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात गाडी चालवून पाहा. गल्लोगल्ली नटलेली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे सणाची ओवाळणी, मागत उभी. प्रत्येक वळणावर गाडी अडे. प्रशांत हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आला होता आणि मागे कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले बाबारावजी खिडकीतून बोजाऱ्याचे पैसे टाकत होते. सणाच्या दिवशी लेकरांना रिकाम्या हातानं परत पाठवू नये, हे त्यांच्याकडून त्या वेळीही सुटलं नाही.

डॉक्टर मॅडमनी हात लावताच सांगितलं, पीळ बसला आहे, पोट उघडावं लागेल. वय पाहता वाचेलच असं नाही. प्रशांतनं सही केली. आत दिवा लागला. बाहेर बाकावर बाबारावजी बसले, ते दाराकडे पाठ करून. मी शेजारी बसलो. मी त्यांच्या दुपट्ट्यावरची लाळ वाळताना पाहत होतो.

"म्या म्हटलं होतं नं," ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले. "म्या जनावर नाही पाळत म्हणून."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा घामाघूम होत्या. कुत्रं जिवंत होतं. पीळ सोडवला, आणि पुन्हा फिरू नये म्हणून पोट आतून बरगडीशी टाके घालून पक्कं केलं. मी हे बाबारावजींना सोपं करून सांगितलं.

"म्हंजे पोटाले दावं बांधलं," ते म्हणाले. आत जाऊन पाहा म्हटलं तर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गावी निघून गेले.

कबऱ्या घरी आला आणि त्यानं खाणं सोडलं. औषधाचं कारण नव्हतं, मॅडमनी तपासून सांगितलं. सुनेनं मऊ भात दिला, प्रशांतनं चिकनचं पाणी दिलं, मी हातावर दही घेऊन त्याच्यासमोर लोळलो. तो फाटकाकडे पाहायचा आणि मान खाली टाकायचा. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पोटात अन्न गेलं नाही तर टाके भरत नाहीत. बरगड्या मोजता येऊ लागल्या. प्रशांत रोज बापाला फोन करायचा. ते म्हणायचे, "माह्या हातचं खाऊनच मरत होता तो. आता मले नका बोलावू."

मी घरी येऊन हे रेखाला सांगत होतो. माझ्या शर्टावरचे केस तिच्या वरणात पडू नयेत म्हणून ती पातेल्यावर झाकण धरून उभी होती. म्हणाली, "रोज मले काय सांगता? फोनवर बोलून माणूस येत नसते. जा अन् घेऊन या."

गेलो. काटोलच्या पुढे रस्त्यानं मोटरसायकलचे आणि माझे नट ढिले झाले. बाबारावजी बागेतल्या विहिरीपाशी पंपाच्या खोलीसमोर बसले होते. मला पाहून म्हणाले, "मेला का?"

"नाही. जेवून नाही राहिला."

त्यांनी जमिनीवरची एक काडी उचलली.

"बाबाजी, तुम्ही आवतण दिलं होतं. तो तुमच्याच दारात बसला आहे. दुसऱ्या कोणाच्या हातचं घेत नाही."

"अन् पुन्हा फुगला तं?"

"कमी वाढा," मी म्हटलं. "थोडं थोडं, दिवसातून चारदा. बाकी काही नाही."

त्यांनी हातातली काडी मोडून टाकली. मग उठून आत गेले आणि पिशवी घेऊन आले. पिशवीत ज्वारीच्या कण्या होत्या. मागे बसताना म्हणाले, "हळू चालवा. तुमी कुत्रं धरून पडता, मले माहीत हाय."

त्या संध्याकाळी कबऱ्यानं त्यांच्या हातून ताकातली कण्यांची पेज खाल्ली, चमच्याचमच्यानं. म्हाताऱ्यानं प्रत्येक चमच्यानंतर पोटाला हात लावून पाहिला. पुढच्या पोळ्याला आवतण दिलं तेव्हा मीही हजर होतो. पोळी एकच वाढली, सुपारीएवढे तुकडे करून, आणि पाव्हण्याची माफी मागून.

मोठ्या कुत्र्यांचं एक वाईट असतं. जितकी काया मोठी तितकं आयुष्य लहान. घरातली पोरं दहावीला येईपर्यंतही ती थांबत नाहीत. लोकांना मी हे पिल्लू आणतानाच सांगतो आणि कोणी ऐकत नाही, मीसुद्धा ऐकलं नसतं. कबऱ्याचे मागचे पाय त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात गेले. आधी घसरायचा, मग उठताना कण्हायचा, मग उठेना. बाबारावजींनी पोत्याची झोळी शिवली. पोटाखालून घालून ते आणि प्रशांत त्याला अंगणात न्यायचे. जखमा होऊ नयेत म्हणून दिवसभर त्याची कूस बदलत बसायचे. स्वतःचे गुडघे धरून उठायचे आणि त्याला उठवायचे. मी आठवड्याला जाऊन कोमट पाण्यानं अंग पुसून द्यायचो. तो माझा हात चाटायचा, पण डोळे ओसरीकडे.

एक दिवस त्यानं पेजही नको म्हटली. मॅडम येऊन पाहून गेल्या. आता वेदना आहेत, म्हणाल्या, झोपवलेलं बरं. प्रशांतनं मला बाजूला घेतलं. "दादा, तुम्हीच बाबांना सांगा."

मी सांगितलं.

बाबारावजींनी विचारलं, "सुई देणं अन् विकणं, यात फरक काय वो?"

इतक्या वर्षांत इतक्या घरी मी या प्रसंगी बोललो आहे. मुक्ती, शांतता, त्याच्या भल्यासाठी, असे शब्द माझ्याकडे तयार असतात. त्या दिवशी ते बाजूला ठेवले. मी म्हटलं, "मले माहीत नाही, बाबाजी. पण टेम्पो येणार नाही. तो इथंच राहीन, तुमच्याजवळ."

"तं मंग मी त्याच्या तोंडापाशी बसतो," ते म्हणाले. "मागं नाही."

सकाळी मी लवकर गेलो. हिवाळ्याचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. माझी एक रीत आहे, शेवटच्या दिवशी कुत्र्याला मी नीट आंघोळ घालतो. कढत नाही, गार नाही, अंगाच्या उबेइतकं पाणी. घाई नाही. कानांमागे, पंजांच्या बेचक्यात, हनुवटीखाली, जिथं त्यांना आवडतं तिथं जास्त वेळ. मग कोरडं करून विंचरतो. कबऱ्या एवढा पांढरा दिसत होता की सून रडायला लागली.

बाबारावजी जमिनीवर बसले, गुडघ्यांचा विचार न करता. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मॅडमनी सुई दिली. कबऱ्या त्यांच्याकडे पाहत होता आणि ते त्याच्याकडे. एकदाही त्यांनी नजर हलवली नाही. त्याचे डोळे थांबल्यावरही बराच वेळ ते तसेच पाहत बसले.

मी अशा वेळी कणखर असतो, अशी माझी ख्याती आहे. मालक रडतात, मी पाणी आणून देतो. त्या दिवशी माझ्या हातातला कंगवा चालतच राहिला. सगळे उठले तरी मी पाठीवरचे केस विंचरत होतो, आणि मग मला दिसेनासं झालं. हुंदक्याचा आवाज कोणाचा येतो आहे ते पाहिलं तर माझाच. बाबारावजी उठून माझ्यामागे आले आणि माझ्या पाठीवर चार जड थापा दिल्या, दमलेल्या बैलाला देतात तशा.

"पुरे, भाऊ," ते म्हणाले. "झाला तो साफ."

आम्ही त्याला त्यांच्या बागेत नेलं. संत्र्याला फूल आलं होतं, वासानं डोकं भरून जात होतं. धुऱ्याशेजारी, बांधालगत सावली पडेल अशा जागी खड्डा खणला. माती लोटायला म्हाताऱ्यानं कोणाला पुढे येऊ दिलं नाही. परतताना काटोलहून घरी फोन केला की उशीर होईल. रेखानं एकच विचारलं, "म्हातारा जेवला का?" मी म्हटलं, "प्रशांतनं दोन घास खायला लावले."

आजवर किती कुत्र्यांना मी असं पोचवून आलो असेन. घरी आलो की रेखाचं ठरलेलं वाक्य असायचं, "हात धुवा अन् बसा जेवाले." मीही हात धुवायचो आणि बसायचो. त्या दिवशी फाटक उघडलं तर अंगणात बादली भरून ठेवलेली. पाण्यातून वाफ निघत होती. बाजूला पाट, पाटावर माझे धुतलेले कपडे. ती उंबऱ्यात आडवी उभी होती.

मी पायरीवर पाय ठेवणार, तोच तिनं हात वर केला.

"तिथंच थांबा. मयतीवरून आले नं तुम्ही? आधी आंघोळ करा, मंग घरात या."